इंच, ओहम आणि वॅट यांच्या पलीकडे : स्वस्त फुल-रेंज स्पीकर पारखायचा कसा?

इंदूरच्या महाराणी रोडवरील वीजसाहित्याचा बाजार असो की म्हापसा-मडगावातील एखादे रेडिओ दुरुस्तीचे जुने दुकान, सुटा स्पीकर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न विचारले जातात : किती इंची, किती ओहमचा आणि किती वॅटचा? उत्तर मिळाले की वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्पीकर समोर येतो. तो हातात घेऊन वजन पाहायचे, मागचे चुंबक किती मोठे आहे ते न्याहाळायचे आणि पैसे मोजायचे, अशी ही खरेदी वर्षानुवर्षे चालत आली आहे. बिघडलेल्या टीव्हीत किंवा रिक्षाच्या टेपमध्ये बसवायचा असेल तर एवढे पुरतेही. पण ज्याला घरी स्वतःच्या हाताने लाकडी पेटी करून त्यातून गाणे ऐकायचे आहे, त्याला हे तीन आकडे जवळजवळ काहीच सांगत नाहीत. इंचावरून तो पेटीच्या भोकात बसेल का हे कळते, ओहमवरून अॅम्प्लिफायरला तो झेपेल का हे कळते, आणि वॅटवरून फार तर तो किती विजेला जळणार नाही याचा अंदाज येतो. तो गाणार कसा, हे चौथ्याच कुठल्या तरी आकड्यात दडलेले असते.

घरी स्पीकर बनवण्याचा छंद नवा नाही. मात्र गेल्या काही वर्षांत हातात मावेल एवढ्या अॅम्प्लिफायरच्या तयार पट्ट्या काहीशे रुपयांना मिळू लागल्या, फोनमध्ये सगळे संगीत आले आणि या छंदातला अवघड भाग एकच उरला, तो म्हणजे ‘ड्रायव्हर’ निवडणे. या क्षेत्रात ड्रायव्हर म्हणजे पेटी वगळून उरलेला मूळ स्पीकर : कागदाचा किंवा प्लास्टिकचा शंकू, त्याच्या मागे तारेचे वेटोळे, ते ज्या फटीत मागेपुढे होते ते चुंबक आणि हे सारे धरून ठेवणारा पत्र्याचा सांगाडा. १९२५ साली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी ही रचना मांडली. तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे.

महागड्या स्पीकरमध्ये खर्जासाठी मोठा आणि तीव्र स्वरांसाठी लहान असे दोन-तीन ड्रायव्हर असतात, आणि कोणता स्वर कोणाकडे जावा हे ठरवणारे क्रॉसओव्हर नावाचे मंडल असते. ‘फुल-रेंज’ ड्रायव्हर हे सगळे काम एकटा करतो. क्रॉसओव्हरची कटकट नाही, खर्च कमी, आणि सारा आवाज एकाच बिंदूतून येत असल्याने गायकाचा आवाज समोर एके ठिकाणी उभा राहतो. नवशिक्याला तो सुचवतात तो याच कारणांनी. परंतु एकाच शंकूने डग्ग्याची घुमकही द्यावी आणि ‘स’काराचा फुत्कारही द्यावा, ही अपेक्षा पदार्थविज्ञानाच्या विरोधात जाणारी आहे. खर्जाला मोठा पृष्ठभाग आणि लांब हालचाल हवी, तीव्र स्वरांना हलका व लहान शंकू हवा. तेव्हा प्रत्येक फुल-रेंज ड्रायव्हर म्हणजे एक तडजोडच. ती कुठे केली आहे हे ओळखणे म्हणजेच त्याची पारख.

एका शहराचे दोन आवाज

ही तडजोड समजून घेण्यासाठी इंदूरइतके सोयीचे शहर दुसरे नसेल. २८ सप्टेंबर १९२९ रोजी याच शहरात लता मंगेशकर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील मास्टर दीनानाथ हे मूळचे मंगेशीचे, हे गोमंतकीय वाचकाला सांगायला नको. आणि याच शहरात उस्ताद अमीर खाँ वाढले. वडील शाहमीर खाँ यांच्याकडून त्यांनी गाण्याचे पहिले धडे घेतले आणि पुढे त्यांच्या गायकीलाच इंदूर घराणे हे नाव मिळाले. हे दोन आवाज एकमेकांपासून जितके दूर असू शकतात तितके दूर आहेत. अमीर खाँ यांचे गाणे मंद्र सप्तकात, अतिविलंबित झुमऱ्यात, सावकाश उलगडत जाणारे; लताबाईंचा आवाज बारीक, रेखीव आणि वरच्या पट्टीत लखलखणारा. एखाद्या ड्रायव्हरची दोन्ही टोके तपासायची असतील तर या एकाच शहराच्या दोन ध्वनिमुद्रिका पुरतात.

थोडा हिशेब करू. पुरुष गायकाची पट्टी काळी एक धरली, तर मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, मंद्र पंचम १०४ चा आणि मंद्र षड्ज, म्हणजेच तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर, ६९ हर्ट्झचा येतो. डग्ग्याची घुमक शंभर हर्ट्झच्या आसपास व त्याखाली असते. उलट बाजूला, स्त्री-आवाजातील तार सप्तकातले स्वरही साधारणपणे हजार हर्ट्झच्या आसपासचेच. तेवढे कोणताही स्पीकर देतो. लताबाईंच्या आवाजात जी चमक आहे ती त्या स्वरांच्या वर चढणाऱ्या उपस्वरांची, श्वासाची आणि ‘स’, ‘श’ या व्यंजनांची. हा भाग पाच-आठ हजार हर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे ड्रायव्हरने साधारण ७० पासून निदान १०,००० हर्ट्झपर्यंत काम करायला हवे. डब्यावर ‘२० ते २०,०००’ छापलेले असते, पण त्या मर्यादेत आवाज किती डेसिबलनी वरखाली होतो हे शेजारी लिहिलेले नसेल, तर त्या छपाईला काही अर्थ नाही.

आता आकाराचा प्रश्न. आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. त्याची तरंगलांबी शंकूच्या व्यासाएवढी झाली की आवाज चोहीकडे पसरण्याऐवजी टॉर्चच्या झोतासारखा समोर एकवटू लागतो. चार इंची ड्रायव्हरच्या शंकूचा उपयोगी व्यास सुमारे आठ सेंटिमीटर असतो. त्याच्या बाबतीत हे साधारण ४,३०० हर्ट्झला घडते. आठ इंची ड्रायव्हरमध्ये ते दोन हजारांच्या आसपासच सुरू होते. मग समोर बसणाऱ्याला गाणे टोकदार आणि बाजूच्या खुर्चीवरच्याला ते गोधडीआडून आल्यासारखे ऐकू येते. आठ इंची स्वस्त ड्रायव्हरच्या मध्यभागी म्हणून एक लहानसा दुसरा शंकू चिकटवलेला असतो. त्याने तीव्र स्वर वाढतात, पण स्वस्त मालात तो पुष्कळदा नेमक्या त्याच पट्ट्यात किंचाळतो जिथे आपला कान सर्वांत हळवा, म्हणजे दोन ते पाच हजार हर्ट्झच्या दरम्यान. लताबाईंचे गाणे लावून पाच मिनिटांत कान शिणत असतील तर दोष बहुधा तिथे असतो.

मग तीन इंचीच घ्यावा का? तोही उपाय फसवा. एक सप्तक खाली उतरून तितकाच आवाज हवा असेल तर शंकूला चौपट हालचाल करावी लागते. लहान शंकू काही मिलिमीटरच सरकू शकतो; त्याची सुरक्षित मर्यादा माहितीपत्रकात ‘एक्समॅक्स’ या नावाने दिलेली असते. ती संपली की खर्ज फाटतो. घरगुती खोलीत, मध्यम आवाजात, गायन ऐकण्यासाठी चार ते पाच इंची ड्रायव्हर हा सर्वांत समंजस मध्यबिंदू, असे म्हणायला हरकत नाही. अंगणात पंगतीला गाणे पुरवायचे असेल तर फुल-रेंजचा नादच सोडावा.

वॅटचा भ्रम

वॅटबद्दल आपल्याकडे जेवढा गैरसमज आहे तेवढा क्वचितच कशाबद्दल असेल. नव्वदच्या दशकात म्युझिक सिस्टिमच्या खोक्यांवर ‘पीएमपीओ’ म्हणून हजारो वॅट छापले जात. भिंतीतल्या साध्या प्लगमधून तेवढी वीज खेचली जात असती तर घराचा फ्यूज रोज उडाला असता, हे कोणाच्या ध्यानात येत नसे. ड्रायव्हरवरचा वॅटचा आकडा प्रामाणिक असला तरी तो केवळ त्याच्या वेटोळ्याची उष्णता सोसण्याची मर्यादा सांगतो.

खरा उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा : एक वॅट वीज दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो. दर तीन डेसिबलला लागणारी वीज दुप्पट होते. तेव्हा ९२ डेसिबलचा ड्रायव्हर जे काम पाच वॅटमध्ये करतो, त्यासाठी ८६ डेसिबलच्या ड्रायव्हरला वीस वॅट लागतात. यात एक बारीक फसगत आहे. पुष्कळ कंपन्या हा आकडा एका वॅटऐवजी २.८३ व्होल्टला देतात. आठ ओहमच्या ड्रायव्हरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट होतो, पण चार ओहमच्या ड्रायव्हरला तेवढ्याच व्होल्टला दोन वॅट मिळतात, आणि कागदावर तो विनासायास तीन डेसिबलनी सरस दिसतो. आणखी एक लक्षात ठेवण्याजोगे : तेवढ्याच आकाराच्या दोन ड्रायव्हरांपैकी ज्याची संवेदनशीलता फार जास्त, त्याचा खर्ज बहुधा कमी असतो. हलका शंकू सहज हलतो, पण त्याचा नैसर्गिक अनुनाद वर सरकतो.

मोजमाप घरीच

ज्याला पेटी करायची आहे त्याला ड्रायव्हरचे तीन गुणधर्म कळलेच पाहिजेत. पहिला ‘एफएस’, म्हणजे मोकळ्या हवेत शंकू ज्या कंप्रतेला आपोआप जास्तीत जास्त डोलतो ती अनुनाद-कंप्रता. दुसरा ‘क्यूटीएस’, म्हणजे ते डोलणे किती आवरलेले आहे याचे माप. चुंबक प्रबळ असेल तर हा आकडा लहान, दुबळे असेल तर मोठा. तिसरा ‘व्हीएएस’, म्हणजे शंकूच्या लवचिकतेशी बरोबरी करणारे हवेचे आकारमान, लिटरमध्ये. या तीन आकड्यांवरून पेटीतला खर्ज आधीच सांगता येतो, हे ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली दाखवले आणि रिचर्ड स्मॉल यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्याचे शास्त्र पूर्ण केले. म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल मापे म्हणतात. तोपर्यंत पेटी बनवणे हे बरेचसे अंदाजाचे काम होते. गंमत अशी की आपल्या बाजारात ते आजही तसेच चालते, कारण सुट्या मालासोबत ही मापे मिळत नाहीत.

मात्र ती घरी काढता येतात. लागणारे साहित्य : कोणताही लहान अॅम्प्लिफायर, फोनवर हव्या त्या कंप्रतेचा शुद्ध स्वर देणारे एखादे अॅप, एक हजार ओहमचा एक आणि दहा ओहमचा एक रोधक, आणि एसी मिलिव्होल्ट दाखवणारा मल्टिमीटर. सर्वांत स्वस्त मल्टिमीटरची एसी मोजपट्टी दोनशे व्होल्टपासूनच सुरू होते. तो येथे निरुपयोगी. घेताना हे बघून घ्यावे. ज्याच्याकडे संगणक आहे त्याने ‘रूम ईक्यू विझार्ड’ ही मोफत प्रणाली वापरली तर हे सगळे आलेखासह आपोआप होते, पण हाताने एकदा केल्याशिवाय आलेख कशाचा आहे ते उमगत नाही.

मोजण्याआधी नव्या ड्रायव्हरला काही तास हलक्या आवाजात वाजू द्यावे, म्हणजे ताठ कडा सैलावते. मग तो हवेत टांगावा किंवा उभा आवळून धरावा. टेबलावर उपडा ठेवून मोजले तर आकडे चुकतात. हजार ओहमचा रोधक अॅम्प्लिफायर आणि ड्रायव्हर यांच्यामध्ये एकसर जोडला की ड्रायव्हरमधून जाणारा प्रवाह जवळजवळ स्थिर राहतो, आणि त्याच्या टोकांवरचा व्होल्टेज थेट त्याचा विरोध सांगू लागतो. ड्रायव्हरच्या जागी आधी दहा ओहमचा रोधक लावून मीटरवर ५० मिलिव्होल्ट येतील इतका आवाज ठेवावा. म्हणजे पाच मिलिव्होल्टला एक ओहम असे प्रमाण बसले. आता ड्रायव्हर लावून वीस हर्ट्झपासून हळूहळू वर जायचे.

उदाहरणादाखल एक चार इंची ड्रायव्हर कल्पू. मल्टिमीटरने साधा ओहम मोजला तर ६.४ येतो. ‘आठ ओहमचा’ म्हणून विकलेला ड्रायव्हर सहा-सातच्या घरात मोजतो, ती फसवणूक नव्हे. स्वर वर नेत गेले की ९० हर्ट्झला मीटर २०० मिलिव्होल्टवर, म्हणजे ४० ओहमवर चढतो आणि पुन्हा उतरू लागतो. हा डोंगरमाथा म्हणजे एफएस. आता ६.४ आणि ४० यांचा गुणाकार २५६. त्याचे वर्गमूळ १६. शिखराच्या दोन्ही बाजूंना १६ ओहम, म्हणजे ८० मिलिव्होल्ट कुठे येतात ते शोधायचे. समजा, ते ६० आणि १३५ हर्ट्झला आले. मोजणी ठीक झाली की नाही याचा ताळा असा : ६० गुणिले १३५ म्हणजे ८,१००, आणि त्याचे वर्गमूळ ९०. बरोबर शिखरावर. ताळा जुळत नसेल तर पुढे जाऊ नये. दोहोंतील अंतर ७५. आणि १६ भागिले ६.४ म्हणजे २.५. मग ९० ला ७५ गुणिले २.५ ने भागले की क्यूटीएस हाती येतो : ०.४८.

व्हीएएससाठी माहीत असलेल्या आकारमानाचा एक घट्ट डबा लागतो. तीन लिटरच्या डब्याच्या तोंडावर हा ड्रायव्हर हवा न सुटेल असा बसवून पुन्हा शिखर शोधले आणि ते ९० वरून १४७ हर्ट्झला सरकलेले दिसले, तर १४७ ला ९० ने भागून येणाऱ्या संख्येचा वर्ग करायचा, त्यातून एक वजा करायचा आणि तीन लिटरने गुणायचे. उत्तर पाच लिटर. शंकूवर ठरावीक वजनाची मेणमाती चिकटवून कंप्रता किती उतरते ते पाहण्याची दुसरी रीतही आहे. तिला मात्र ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा हवा. इंदूरच्या छंदिष्टाला त्यासाठी सराफ्यापर्यंत जावे लागेल, आणि तेही रात्री खाऊगल्ली भरण्यापूर्वी.

पेटी ठरवते खर्ज

आता या ड्रायव्हरचे भवितव्य गणिताने सांगता येते. बंद पेटीत तो सपाट, न घुमणारा आवाज देईल ते आकारमान सुमारे ४.३ लिटर. तीत आवाज १३३ हर्ट्झखाली उतरू लागतो. अमीर खाँ यांच्यासारख्या आवाजासाठी याचा अर्थ काय? काळी एकचा मध्य षड्ज जेमतेम शाबूत, मंद्र पंचम सुमारे साडेपाच डेसिबलनी खाली आणि मंद्र षड्ज तब्बल साडेअकरा डेसिबलनी खाली. गायक मंद्रात उतरतो आणि स्पीकर त्याच्याबरोबर उतरतच नाही. कान पूर्ण फसत नाही, कारण वरचे उपस्वर ऐकून मेंदू खालचा मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. तीनशे हर्ट्झखालचे काहीच न देणाऱ्या जुन्या टेलिफोनवरही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटे, तो याचमुळे. पण ओळख पटणे वेगळे आणि छातीतून आलेला खर्ज ऐकणे वेगळे.

येथे बहुतेक जण पेटी मोठी करतात. दुप्पट, साडेआठ लिटरची बंद पेटी केली तर काय होते? तीन डेसिबलने उतरण्याची सीमा १३५ हर्ट्झवर येते, म्हणजे आहे तिथेच. अगदी तळाशी दोन-तीन डेसिबल मिळतात, एवढेच. बंद पेटी मोठी केली की खर्ज हमखास वाढतोच ही समजूत निदान या ड्रायव्हरच्या बाबतीत खरी ठरत नाही.

त्याच आकारमानात नळी बसवली तर मात्र चित्र पालटते. नऊ लिटरची पेटी, आतून ३० गुणिले २० गुणिले १५ सेंटिमीटर, आणि तीत चार सेंटिमीटर आतल्या व्यासाचा सुमारे साडेचार सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा. तो ७६ हर्ट्झच्या आसपास घुमतो. आता उताराची सीमा सत्तर हर्ट्झपर्यंत खाली येते. मंद्र षड्ज परत मिळाला! त्याची किंमतही आहे : नळीच्या कंप्रतेखाली शंकूला हवेचा आधार उरत नाही आणि चित्रपटगीतातला एखादा खोल ढोल त्याला मर्यादेबाहेर फेकतो. त्यामुळे आवाज बेताचा ठेवावा लागतो.

क्यूटीएस ०.७ च्या वर निघाला तर तो ड्रायव्हर कोणत्याही बंद पेटीत अधिकच घुमेल. त्याला मागून उघडी फळी बरी, जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत असे तशी. त्या रेडिओंच्या गोड आवाजाचे रहस्य पुष्कळसे इथेच आहे : एकच फुल-रेंज स्पीकर, मागून जाळीची उघडी लाकडी पेटी, आणि मध्यमलहरींवरून येणारा जेमतेम पाच हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज. इंदूरच्या मालवा हाउसवरून प्रक्षेपित होणारे गाणे असो की पणजी केंद्रावरचे, त्या काळी अमीर खाँ घरोघर पोहोचले ते अशाच एका शंकूतून.

पेटीच्या रुंदीचाही परिणाम होतो आणि तो नवशिक्याला हमखास चकवतो. पुढची फळी २४ सेंटिमीटर रुंद असेल तर साधारण ५०० हर्ट्झखालचा आवाज फळीला वळसा घालून मागे निघून जातो आणि खोलीच्या मध्यभागी ठेवलेल्या स्पीकरचा खालचा पट्टा सहा डेसिबलपर्यंत क्षीण होतो. मग ड्रायव्हर ‘पातळ’ वाजतो म्हणून त्याला बोल लावला जातो. पेटी भिंतीलगत ठेवली की बरेचसे भरून येते. नाहीतर साधारण एक मिलिहेन्रीचे वेटोळे आणि त्याला समांतर काही ओहमचा रोधक असे मंडल मध्ये घालावे लागते, किंवा फोनच्या इक्वलायझरमध्ये तेवढी दुरुस्ती करावी. इक्वलायझरला नाक मुरडण्याचे कारण नाही. अमर बोस यांच्या कंपनीने १९६८ साली आणलेल्या ‘बोस ९०१’ या गाजलेल्या स्पीकरमध्ये नऊ लहान फुल-रेंज ड्रायव्हर होते आणि त्यांच्यासोबत खास इक्वलायझर दिलेला असे.

दुकानात उभ्या उभ्या

एवढे सारे दुकानात करता येत नाही हे खरे. तेथे दीड व्होल्टचा एक सेल खिशात असला तरी पुरे. त्याचे धन टोक ड्रायव्हरच्या धन खुणेला क्षणभर लावले की शंकू पुढे यायला हवा. मागे गेला तर खूण उलटी आहे. बोटांनी शंकूच्या दोन बाजू समान दाबून हळूच आत ढकलावा; खरखर ऐकू आली तर वेटोळे चुंबकाला घासते आहे, तो परत करावा. चुंबकाच्या आकाराला भुलू नये, कारण पत्र्याच्या मोठ्या टोपणाखाली लहान चुंबक असू शकते. जोडी घेताना एकाच खेपेतील दोन घ्याव्यात आणि घरी दोन्ही मोजाव्यात. स्वस्त मालात त्यांचे एफएस दहा टक्क्यांनी वेगळे निघणे नवल नाही. फोस्टेक्स, टँग बँड, व्हिसाटन, मार्कऑडिओ किंवा डेटन यांच्यासारख्या नावाजलेल्या ड्रायव्हरसोबत संपूर्ण माहितीपत्रक मिळते, आणि जास्तीच्या किमतीतला बराच भाग त्या कागदाचा असतो असे समजायला हरकत नाही. निनावी ड्रायव्हर स्वस्त पडतो, पण मोजण्याचे काम आपल्यावर येते. एक संध्याकाळ मोडण्याची तयारी असेल तर हा सौदा वाईट नाही. मोजण्याआधीच सुताराकडून पेटी कापून घेणे हाच खरा महाग सौदा.

शेवटी कानाने ऐकायचेच. दोन ड्रायव्हरांची तुलना करताना दोन्हींचा आवाज मीटरवर सारखा करावा, कारण जो किंचित मोठा वाजतो तोच सर्वांना चांगला वाटतो. एकच पेटी, एकाच जागी, एकाच बाजूचा स्पीकर. अमीर खाँ यांचा मारवा किंवा दरबारी लावून, ते मंद्रात उतरतात तेव्हा आवाज तेवढाच जवळ राहतो की मागे सरकतो, हे पाहावे. लताबाईंचे एखादे कमी वाद्यमेळाचे गाणे लावून समोरून उठून बाजूच्या खुर्चीत बसावे आणि शब्द तसेच स्पष्ट राहतात का ते ऐकावे. गोव्यातल्या घरात केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची ध्वनिमुद्रणे ऐकली जात असतील, तर चिंता आणखी कमी. त्या तबकड्यांतच अगदी खालचे आणि अगदी वरचे फारसे काही नाही. चांगला चार इंची फुल-रेंज तेवढे सगळे देतो, आणि महागडा ट्विटर तिथे फक्त सुईची खरखर अधिक स्पष्ट करून दाखवतो.

इंदूरच्या कोरड्या हवेत सहसा न पडणारा एक प्रश्न मात्र कोकणपट्टीत पडतो. ड्रायव्हरच्या कडेला फोम असेल तर दमट हवेत तो काही वर्षांत भुगा होऊन गळतो. रबराची किंवा लेप दिलेल्या कापडाची कडा टिकते. साधा कागदी शंकू ओल धरून जड होतो आणि त्यावर बुरशी चढते, त्यामुळे लेप दिलेला कागद किंवा पॉलिप्रॉपिलीन बरे. एमडीएफची पेटी कापायला सोपी, पण एका पावसाळ्यात तिच्या कडा फुगतात आणि हवाबंद सांधे उकलतात. आयएस ७१० शिक्क्याचा प्लाय घ्यावा, आतूनही वॉर्निशचा हात द्यावा, आणि पाठीची फळी खिळ्यांऐवजी स्क्रूने, मध्ये रबरी पट्टी घालून बसवावी. म्हणजे श्रावण सरल्यावर ती उघडून आतला कापूस उन्हात घालता येतो.